ठमाबाईचं उळं

देवळा गाव मागं पडलं तसं बयाबाईचं तोंड बंद झालं. सातपूरहून निघाल्यापासून रस्त्याकडेला आडवं पडलेलं एकही झाड तिनं शेरा मारल्याशिवाय सोडलं नव्हतं. हे निलगिरीचं, ह्याला खाली मूळच नसतं. ही चिंच, हिला पडायचं काही कारण नव्हतं. आता आपल्या गावची शिव जवळ आली आणि ती पुढच्या सीटला हात धरून नुसती बघत राहिली.

गाडी थोरला रोहित चालवत होता. त्याच्या शेजारी धाकटा हर्षल, मागं बयाबाई आणि हर्षलची बायको तेजस्विनी. चार दिवसांपूर्वी समुद्रातलं वादळ नाशिककडं वळतंय अशी बातमी आली, तेव्हा रोहित कारखान्यातली पाळी अर्ध्यात टाकून आला होता आणि सगळ्यांना उचलून सातपूरच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला होता. गाय आणि बैल हर्षलनं देवळ्याला सिंधुआत्याकडं पोचवले होते. अंगावरचे कपडे, कागदपत्रांची पिशवी, गॅसची शेगडी, सगळं गाडीत आलं. मळ्यात राहिलं ते फक्त उळं.

कांद्याच्या काळ्या बारीक बियाला आमच्याकडं उळं म्हणतात. दुकानात ते डब्यात मिळतं, वर कांद्याचा रंगीत फोटो असतो. पण ह्या मळ्यात दुकानातलं उळं कधी आलं नाही. बयाबाईची सासू ठमाबाई हिनं डोळ्यानं निवडत निवडत केलेला हा वाण, बारीक मानेचा, घट्ट, कांदाचाळीत सहा महिने ठेवला तरी कोंब न काढणारा. दरवर्षी चाळीतले चांगले कांदे बाजूला काढायचे, थंडीत लावायचे, त्यांना डोंगळे आले, म्हणजे ते पांढरे फुलांचे गोंडे आले, की वाळवून उळं झाडून घ्यायचं. उळं फार तर एक पावसाळा जगतं. म्हणून साखळी तुटू द्यायची नाही, एवढंच काम. ठमाबाईनं त्याला दोन नियम लावून ठेवले होते. घरातल्या थोरल्या बाईशिवाय उळ्यात कुणी हात घालायचा नाही. आणि पेरणीआधी उळ्यानं शिव ओलांडायची नाही.

त्या दिवशी रोहितनं डिकी उघडून धरली होती. आभाळ जांभळं पडलं होतं.

"आई, ती उळ्याची कोठी टाक इथं. जागा आहे."

"उळं शिवेबाहेर जात नाय."

"अगं, घरावर पत्रे राहतील का नाही सांगता येत नाही, आणि तू शिव काय घेऊन बसलीस?"

"तू डिकी लाव," बयाबाई म्हणाली होती. रोहितनं ती इतक्या जोरात लावली की कडी बिघडली. आता ती हातानं दाबून धरल्याशिवाय उघडत नव्हती.

मळ्याच्या वळणावर गाडी थांबली, कारण पुढं रस्ता नव्हता, बाभूळ होती. चौघं उतरून चालत गेले. कांदाचाळ होती तिथं लाकडी फळ्यांचा ढीग होता आणि त्यातून तीन दिवस भिजलेल्या कांद्याचा वास येत होता. घराचे अर्धे पत्रे गेले होते. चुलीकडची भिंत आत बसली होती. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र जिथल्या तिथं होतं. विहीर काठोकाठ भरली होती आणि तिच्यात अंगणातली निळी प्लॅस्टिकची खुर्ची तरंगत होती, पाय खाली, पाठ वर, कुणी येऊन बसेल म्हणून थांबल्यासारखी.

हर्षलचा फोन वाजला. तो दोन मिनिटं "हो, हो, माझाच हे" म्हणत राहिला.

"कोण?" रोहितनं विचारलं.

"पलीकडच्या गावचा कोनी. चोरी होऊ नये म्हनून पत्र्यांवर नाव न फोन नंबर रंगवला व्हता ना मी. सकाळपासून तिसरा फोन. एक पत्रा मारुतीच्या देवळामागं पडलेला हे म्हनतो."

रोहितला हसू आलं. मग हर्षललाही आलं. चार दिवसांत दोघं भाऊ पहिल्यांदाच एकत्र हसले होते.

बयाबाई मात्र सरळ पडक्या भिंतीकडं गेली होती. "माती सारा," एवढंच म्हणाली. दोघा भावांनी विटा बाजूला केल्या. मातीखाली स्टीलची कोठी आडवी पडली होती. एका अंगाला चेपली होती, पण झाकण घट्ट. बयाबाईनं तिच्यावरची माती पदरानं पुसली आणि ती तशीच खाली बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"बघ," ती रोहितला म्हणाली. "बघ, तुझ्या डिकीशिवाय राहिलं का नाय?"

रोहित विटा बाजूला रचत राहिला. आदल्या रात्री फ्लॅटवर त्यानं हर्षलजवळ विषय काढला होता. कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा होती, साहेब त्याच्या शब्दाबाहेर नव्हता. चाळ गेली, कांदा गेला, तर आता तरी ये म्हणून. हर्षल नाही म्हणाला नव्हता. आईला सांगायचं कसं एवढाच प्रश्न होता, आणि कोठी गेली असती तर तो आपोआप सुटला असता. रोहितला आपला हा विचार आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली. आई मातीत बसून रडत होती, आनंदानं, आणि आपण मनातल्या मनात वेगळंच काही धरून आलो होतो.

तेवढ्यात बाभळीच्या पलीकडून हाक आली. "वहिनी! हायेत का सगळे?"

सिंधुबाई आली होती, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन. ही बयाबाईची नणंद, पोरांची आत्या. हिला बोलायला कारण लागत नाही आणि थांबायला कुणाचं सांगणं चालत नाही. तिनं येता येताच पडलेल्या घराला, सरकारला, हवामानखात्याला आणि रिक्षावाल्याला एकेक वाक्य ऐकवलं. मग तिला कोठी दिसली.

"माझ्या आईचं उळं! वाचलं?"

"वाचलं, वन्स."

"उघडा मंग. डोळ्यानं बघू द्या."

बयाबाईनं दोन्ही गुडघ्यांत कोठी धरली आणि झाकण उपसलं. वास आला. आंबूस, कोंदट, बंद खोलीत ओले कपडे राहिल्यासारखा. बयाबाईनं आत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. उळं कोमट होतं.

ज्यानं कधी बी साठवलंय त्याला हे सांगावं लागत नाही. ओलं बी हवाबंद भरलं की ते आतल्या आत तापतं, आणि तापलेलं बी मरतं. वादळानं कोठीला नुसतं चेपलं होतं. उळं त्याआधीच, माणसाच्या हातानं गेलं होतं.

"पानी गेलं का आत?" हर्षलनं विचारलं.

"पानी कुठं? थेंब नाय," सिंधुबाई म्हणाली. तिनं झाकण उलटंपालटं करून बघितलं. "हे वलंच भरलं व्हतं. झाकन कोनी लावलं?"

तेजस्विनी उभी होती, हातात फावडं. "मी लावलं," ती म्हणाली.

ते खरंच होतं. झाकण तिनंच लावलं होतं, वर गुडघा देऊन. पण त्याच्या आधीचंही काही होतं आणि ते फक्त दोघींना माहीत होतं. त्या दिवशी हर्षल बैल घेऊन गेला होता आणि रोहित पुढं गाडी वळवत होता. उळं अंगणात लुगड्यावर वाळत पसरलं होतं. यंदा डोंगळे उशिरा निघाले होते, अजून दोन उन्हं हवी होती. बयाबाई ते गोळा करत असताना तेजस्विनीनं एक दाणा दातानं चावून बघितला. वाळलेला दाणा कट्कन तुटतो. हा चेपला. "आई, अजून ओलं हे," ती म्हणाली होती. "कोठीत नको. कापडाच्या पिशवीत भरू आणि भाऊंच्या गाडीत नेऊ. तिथं फॅनखाली वाळवू." आणि बयाबाई म्हणाली होती, "लाव झाकन. मला नको शिकवू. हात बी घातला उळ्यात? कोनाला विचारून?"

आता ती सासूकडं बघत राहिली. सासू पुढचं सांगेल म्हणून थांबली.

बयाबाई कोठीतच बघत होती. "जाऊ द्या, वन्स," ती शेवटी म्हणाली. "लहान हे ती. घाई झाली."

तेजस्विनीनं फावडं भिंतीला टेकवलं. रागावली असती तर सोसलं असतं. पण सासूनं तिला माफ केलं होतं, चारचौघांत, मोठ्या मनानं, जे तिनं केलंच नव्हतं त्याबद्दल.

"मी हे सावलीत पसरते," ती म्हणाली. "आणि शंभर दाणे गोणपाटात लावून बघू. सगळंच मेलं असेल असं नाही."

"हात घालशील तू?" सिंधुबाई म्हणाली.

"आता काय राहिलंय आत्याबाई, हात न घालायला?"

तिनं कोठी उचलली आणि उभ्या राहिलेल्या भिंतीकडं नेली. कोणी अडवलं नाही.

भाकरी खाऊन झाल्यावर दोघे भाऊ विहिरीवर गेले. हर्षल गळ टाकून खुर्ची ओढत होता.

"स्टोअरचं काय ठरवतोस?" रोहितनं विचारलं.

"काय ठरवू? तेजू तयार नाय. आईचं तर इचारूच नको."

"तेजस्विनीला तरी काय राहिलं इथं? आज सगळ्यांसमोर..." रोहित थांबला. "मला एक सांग. ती असली चूक करेल असं वाटतं तुला?"

खुर्ची काठाला लागली. हर्षलनं तिची पाठ धरली, पण वर घेतली नाही. "ती दूध तापवताना चमचा भांड्यात उभा ठेवते दादा, उतू जाऊ नये म्हनून. झोपायच्या आधी कडी दोनदा बघते. नाय वाटत."

"मग?"

"मंग काय. आईला इचारायचं कोनी? तू इचारतो?"

रोहितनं विचारलं नाही. तो थोरला होता, सातपूरला चाळीस माणसं त्याचं ऐकत होती, आणि तरी आईसमोर उभं राहून हे विचारणं त्याला जमणारं नव्हतं. दोघांनी मिळून खुर्ची वर काढली आणि अंगणात नेऊन ठेवली.

पुढचे दहा दिवस तेजस्विनीनं उळं उन्हाला लागू दिलं नाही आणि दमटाला लागू दिलं नाही. पडवीत जुन्या साडीवर पसरलं, दिवसातून चारदा बोटांनी फिरवलं. ओल्या गोणपाटात दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावून गुंडाळी करून ठेवली, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. हर्षल गावोगावचे पत्रे गोळा करत हिंडला. एकवीस गेले होते, सतरा परत आले, त्यातला एक दुसऱ्याच कोणाचा होता.

बयाबाई काम करत होती, पण बोलत नव्हती. रोज सकाळी ती पडवीशी येऊन उभी राहायची. सुनेची बोटं उळ्यातून फिरताना बघायची. बोटं बरोबर फिरत होती. खालचं वर, वरचं खाली, कडेचं मध्ये. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायचं ते बयाबाईनंच, आणि अकरा वर्षांत तिनं सुनेला साडीच्या काठापर्यंतही येऊ दिलं नव्हतं. ठमाबाईनं तिला किती वर्षं थांबवलं होतं? अठरा. मग हिनं का थांबू नये, असं ती आजवर धरून चालली होती. आता मात्र रोज सकाळी ती चहाचा कप तसाच ठेवून गोठ्याकडं निघून जायची.

एकदा ती म्हणाली, "तेजू."

"काय आई?"

"...कडेचं आत घे."

"घेतलंय आई."

दहाव्या दिवशी रोहितची सुट्टी होती, तो सकाळीच आला. सिंधुबाईही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण आईचं उळं जगलं का मेलं हे ती फोनवर ऐकणाऱ्यातली नव्हती. सगळे पडवीत बसले. निळ्या खुर्चीवर सिंधुबाई, बाकीचे खाली. तेजस्विनीनं गोणपाट मध्ये ठेवलं.

"आई, तुम्ही उघडा."

बयाबाईनं गुंडाळी सोडली. पहिल्या ओळीत काही नाही. दुसरीत एक, दोऱ्यासारखा पांढरा, टोकाला वाकलेला. तिसरीत दोन. ती बोटानं दाखवत गेली, सगळे मनात मोजत गेले. शेवटची ओळ झाली तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"चौदा," ती म्हणाली.

"शंभरात?" रोहितनं विचारलं.

"शंभरात. नेहमी नव्वद येतात."

सिंधुबाईनं कपाळाला हात लावला. "माझ्या आईनं जल्मभर जपलं. आन एका पोरीच्या एका हातानं..."

"वन्स, थांबा."

"काय थांबा वहिनी? खरं तेच बोलू राहिले ना."

"खरं नाय ते," बयाबाई म्हणाली. "हात तिचा व्हता. सांगनारी मी व्हते. ती म्हनली, आई, वलं हे, कापडात भरू, गाडीत नेऊ. मी म्हनलं, लाव झाकन."

हर्षलनं बायकोकडं बघितलं. तेजस्विनी खाली मान घालून गोणपाटाचा एक सुटलेला धागा ओढत होती.

"तुला वलं कळलं नाय का वहिनी?" सिंधुबाईचा आवाज उतरला होता. "तुला?"

"कळलं व्हतं. त्या दिवशी सकाळी मी बी एक दाना चावला व्हता. दाताखाली चेपला."

"मग आई?" रोहित म्हणाला. "इतकी घाबरलीस वादळाला?"

"वादळाला कशाला घाबरू? गाडीत घातलं असतं तर शिव ओलांडली असती. सासूबाईला काय सांगितलं असतं मी?"

"आजीला जाऊन बावीस वर्सं झाली आई," हर्षल म्हणाला.

"तुला झाली असतील."

यावर हसावं की नाही हे कोणाला कळेना. बयाबाईनं सुनेकडं तोंड केलं. हे सगळ्यात अवघड होतं आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"त्या दिवशी तुला लहान म्हनले मी. वन्सच्या पुढं. दहा दिवस रोज सांगीन म्हनत व्हते आन रोज गोठ्यात जात व्हते. माझं चुकलं तेजू."

तेजस्विनीनं धागा सोडला. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. "मला नुसतं एवढंच हवं होतं आई," ती म्हणाली. "की खरं काय ते तुम्हाला माहीत आहे, हे कोणाला तरी कळावं."

मग बयाबाईनं विचारलं, "चौदात काय व्हईल?" अकरा वर्षांत तिनं उळ्याबद्दल सुनेला पहिल्यांदा काही विचारलं होतं.

तेजस्विनीनं डोळे पुसले. "आता चांगलं वाळलंय. जे जगलंय ते टिकवायचं. थंडीच्या तोंडावर सहापट दाट टाकू. चार-पाच गुंठ्यांपुरती रोपं निघतील. त्यातले चांगले कांदे ठेवायचे, पुढच्या थंडीत लावायचे. मग पुन्हा आपलं उळं."

"दोन वर्सं," सिंधुबाई म्हणाली.

"दोन वर्षं."

रोहितनं भावाकडं बघितलं. हर्षल गोणपाटातल्या चौदा पांढऱ्या दोऱ्यांकडं बघत होता. "दादा," तो म्हणाला, "स्टोअरला दुसरं कोनी बघा. मला चाळ उभी करायची हे."

"सतरा पत्र्यांत?"

"सोळा. एक परत द्यायचा हे."

रोहितनं मान हलवली. त्याला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

"सगळं एका कोठीत नाय ठेवायचं आता," बयाबाई उठत म्हणाली. तिनं आतून जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, टर्रकन फाडून त्याचे दोन केले आणि सुनेपुढं धरले. "घाल मूठ. तुझ्या हातानं."

तेजस्विनीनं उळ्यात हात घातला. ओंजळ भरून पहिल्या तुकड्यात टाकली, गाठ मारली आणि सासूकडं दिली. बयाबाईनं ती सिंधुबाईपुढं केली.

"धरा, वन्स."

"मला?" सिंधुबाई खुर्चीतून उठली. "माझ्या लग्नात मी एक मूठ मागितली व्हती. आई म्हनली, पोरीबरोबर उळं गेलं तर शिवेत काय राहील? रिकाम्या हातानं पाठवलं मला. चाळीस वर्सं झाली वहिनी."

"म्हाईत हे. मी तिथंच उभी व्हते. नवीन व्हते, बोलले नाय."

सिंधुबाईनं पदर पसरला. गाठोडं त्यात पडलं आणि जिला बोलायला कारण लागत नव्हतं ती बाई गप्प उभी राहिली, पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून.

दुसरं गाठोडं बयाबाईनं स्वतः घेतलं आणि बाभळीच्या तोडलेल्या फांद्यांमधून गाडीकडं चालू लागली. रोहित मागून धावला.

"आई, हे कुठं?"

"सातपूरला. काचंच्या बरनीत ठेव, घट्ट झाकन लावून, फ्रीजमधी. तेजू म्हनती तिथं टिकतं." ती गाडीच्या मागं जाऊन उभी राहिली. "डिकी उघड."

रोहितनं कडी दाबून धरली आणि डिकी वर उचलली. बयाबाईनं गाठोडं आत ठेवलं, घरंगळू नये म्हणून त्याला बाजूनं रोहितचा टॉवेल लावला, आणि हात काढून घ्यायला जरा वेळ लावला.

"सायलीला काय सांगू?" रोहितनं विचारलं. "फ्रीजमध्ये हे काय म्हणून?"

"बायकोला सांग," बयाबाई म्हणाली, "सासूची सासू राहायला आली."